दोन पोटांची हनुवटी

‘ओठ’ हा शब्द ओठ न मिटता म्हणता येतो. फार तर ओठांचा चंबू होतो, पण ते एकमेकांना शिवत नाहीत. ‘पोट’ मात्र ओठ मिटल्याशिवाय बाहेर पडतच नाही. आरशासमोर उभं राहून खात्री करून घ्यावी. घरात कुणी नसताना घेतली तर जास्त बरं.

तुम्हाआम्हाला ही नुसती गंमत, पण एका कलावंताच्या ती मुळावर आली आहे. बाहुली मांडीवर घेऊन, स्वतःचे ओठ न हलवता तिला बोलतं करणारा जो असतो, त्याला युरोपात ‘पोटाने बोलणारा’ म्हणतात. व्हेंट्रिलोक्विस्ट. लॅटिनमध्ये ‘व्हेंटर’ म्हणजे पोट आणि ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. हा पोटाने बोलणारा मराठीत बोलू लागला की त्याची पहिली पंचाईत होते ती ‘पोट’ म्हणताना. प, फ, ब, भ, म ही वर्णमालेतली अख्खी ओळ ओठांच्या मालकीची. ओठ हलवायचे नाहीत म्हटलं की ही ओळच्या ओळ जप्त.

मराठीने पोटाला हात न लावता ‘शब्दभ्रम’ असा वेगळाच शब्द केला. शब्द छान आहे, खरा आहे, पण त्यात ब, भ, म असे तीनदा ओठ मिटतात. ‘बोलक्या बाहुल्या’ म्हणावं तर दोनदा. बाहुलीला आपल्या धन्याचा धंदा सांगायचा झाला, तर ती बिचारी ‘शद्दद्रन’ म्हणणार आणि आपण टाळ्या वाजवणार.

महाराष्ट्रात या कलेचं दुसरं नाव पाध्ये. यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडून बसला आहे, आणि त्यांच्यामागे रामदास पाध्ये यांनी त्याला बोलता ठेवला. आता ‘अर्धवटराव’ हे नाव सावकाश म्हणून पाहा. ओठ मिटतात का? ‘व’ला खालचा ओठ दातांकडे जरा झुकतो, तेवढंच. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधला, रामदास पाध्यांनीच घडवलेला तात्या विंचू घ्या. तोही तसाच, ओठांना न दुखवता दाराबाहेर पडणारा. अर्धवटरावांच्या सौभाग्यवती आवडाबाई मात्र शेवटच्या पायरीवर ‘ब’ला अडखळतात. नवऱ्याचं नाव सुटसुटीत आणि बायकोचं अडचणीचं, ही आपल्याकडची जुनीच रीत.

मग कलावंत करतो काय? ‘प’च्या जागी ‘त’ घालतो, ‘ब’च्या जागी ‘द’, ‘म’च्या जागी ‘न’. तो हे इतक्या बेमालूमपणे करतो की ऐकणाऱ्याचा मेंदू आपणहून दुरुस्ती करून घेतो. आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात ही विद्या शिकायला बाहुली लागत नाही, तंबाखू पुरते. महाडच्या एसटी स्टँडबाहेर सहा आसनी रिक्षा भरत असतात. चालकाने नुकतीच तंबाखू मळून गालात ठेवलेली असते, तोंडात रस भरलेला असतो, आणि तो सांडू नये म्हणून हनुवटी आभाळाकडे. तशा अवस्थेत तो पुकारत असतो: “तोलादतूर, तोलादतूर! कातडे, कातडे!” मुंबईहून आलेला नवखा माणूस दचकतो. कापडे बुद्रुकला जाणारा आमचा माणूस मात्र शांतपणे कातड्यात जाऊन बसतो. आणि ‘दासगाव’, ‘कशेडी’, ‘राजेवाडी’, ‘करंजाडी’, ‘नांगलवाडी’ ही नावं तोच चालक अगदी आकाशवाणीच्या निवेदकासारखी स्वच्छ उच्चारतो. गावांची नावं ज्यांनी ठेवली त्यांच्यात तंबाखू खाणारे किती आणि न खाणारे किती, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. रायगड सुरक्षित आहे, याचा मला व्यक्तिशः फार आनंद झाला. महाडचं मात्र ‘नहाड’ होतं.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिने एका जुन्या मोज्याला शर्टाची दोन बटणं शिवली आणि हा मोजा हातात घालून ती सुट्टीभर घरात हिंडत होती. मोजा पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “नाना, चहा घेणार?” मी इकडेतिकडे पाहिलं, आमच्याकडे नाना कुणी नाही. मग उलगडलं की मामाचा नाना झाला आहे. त्यानंतर आम्ही सगळी नाती एकेक करून मोज्यापुढे उभी केली. आई, आजी, काका, काकू, आत्या, ताई, दादा ही मंडळी सुखरूप बाहेर आली. मामा, मामी, मावशी हे अख्खं आजोळ कोसळलं. म्हणजे शब्दभ्रमातसुद्धा बापाकडचाच गोतावळा वरचढ! माझी बहीण खवळणारच होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ‘बाबा’ म्हणायला गेलं की मोज्याच्या तोंडून ‘दादा’ येतं. नवऱ्याची अशी पदावनती झालेली पाहून तिने भांडण मिटवलं.

ओठांशिवाय बोलण्याचा हा नाद नवा नाही. बाहुली नसताना, नुसत्या लेखणीने, हा खेळ आपल्या पूर्वजांनी खेळून ठेवला आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिगत सांगतो, ती सगळी ओष्ठ्य अक्षरं टाळून. कारण काय, तर प्रेयसीने त्याच्या ओठाला केलेली जखम अजून भरलेली नाही. संस्कृतच्या आमच्या गुरुजींनी हे कारण आम्हाला कधी सांगितलं नाही. नाहीतर त्या विषयात माझे गुण बरेच वाढले असते. आणि आपले मोरोपंत! त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं म्हणतात. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठ मिटवणारं एकही अक्षर न वापरता रामकथा! आता ‘राम’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. तेव्हा सबंध रामायण लिहायचं आणि रामाचं नाव घ्यायचं नाही, अशी ही अट पंतांनी स्वतःच्या हौसेने स्वतःला घालून घेतली. बरं, कवीला खाली सहीसुद्धा करायची सोय नाही, कारण ‘मोरोपंत’ या नावात म आणि प दोन्ही ठाण मांडून बसलेले.

आता मूळ आरोपाकडे वळू. पोटातून बोलता येतं का?

जुन्या ग्रीकांना येतं असं वाटत होतं. त्यांचा शब्द ‘एंगास्ट्रिमिथॉस’, म्हणजे पोटात बोली असलेला. अशा माणसाच्या पोटात कुणीतरी शिरून बसलं आहे आणि ते भविष्य सांगतं, अशी समजूत. अथेन्समध्ये युरिक्लीस नावाचा असा एक पोटबोल्या इतका गाजला, की ॲरिस्टोफेनीसने इ. स. पू. ४२२ मधल्या नाटकात त्याचा उल्लेख केला. आपल्याकडे देवाला कौल लावतात, पण त्यात देवाला बोलावं लागत नाही. देवाला लावलेला फुलाचा कळा कुठल्या बाजूने पडला एवढं पाहायचं. आपला देव मितभाषी, आणि त्याच्या वतीने बोलायला बाकीचे पुष्कळ.

पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सँ-जील नावाचा एक किराणा दुकानदार होऊन गेला. तो एका मठात आसऱ्याला गेला. मठातला एक साधू नुकताच वारला होता. थोड्या वेळाने प्रार्थनामंदिराच्या आढ्यातून मेलेल्या साधूचा आवाज येऊ लागला: माझ्यासाठी तुम्ही नीट प्रार्थनासुद्धा करत नाही! सगळे साधू जमिनीवर लोळण घेऊन प्रार्थनेला लागले. दुकानदार बाजूला उभा, चेहरा कोरा. ला शापेल नावाच्या धर्मगुरूने १७७२ मध्ये या विद्येवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात ही गोष्ट आहे. या दुकानदाराची तपासणी झाली, आणि भूत नाही, पोट नाही, जे काही आहे ते गळ्याचं आणि तोंडाचं कसब, असा निकाल लागला. वजनकाट्यावर बोट ठेवूनही चेहरा कोरा ठेवायची सवय असल्यामुळेच या धंद्यातला माणूस त्या कलेत पुढे गेला असावा, असा माझा तर्क आहे. आमच्या पेठेतल्या कुणालाही उद्देशून हे नाही.

निकाल शास्त्रशुद्ध होता. आवाज स्वरयंत्रातच होतो. पोटाचं काम फक्त खालून भात्यासारखी हवा देण्याचं. हे मी भाचीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने मोजा काढून ठेवला, शरीररचनेचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि म्हणाली, “मामा, पण गळ्यात पोट असतं ना.”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या. तुमच्या तर दोन दिसतायत.”

तिने माझ्या हनुवटीखाली बोट लावलं. तिथे एक स्नायू असतो, डायगॅस्ट्रिक. ग्रीक ‘गॅस्टर’ म्हणजे पोट. म्हणून ‘डायगॅस्ट्रिक’ म्हणजे दोन पोटांचा. स्नायूचा जो फुगीर मांसल भाग असतो त्याला शरीरशास्त्रात पोटच म्हणतात. या स्नायूला एक पोट पुढे, एक मागे आणि मधे दोरीसारखी अरुंद कंबर. काम काय, तर जबडा खाली ओढून तोंड उघडणं. शब्दभ्रमकार प्रेक्षकांपासून लपवत असतो ती हीच हालचाल. म्हणजे जगभर लोक त्याच्या शर्टाच्या बटणांकडे संशयाने पाहत आले, आणि खरी दोन पोटं वर हनुवटीखाली लपून बसलेली!

एवढ्यावर ती थांबली नाही. स्वरयंत्रात स्वरतंतूंच्या जरा वर, दोन्ही बाजूंना एकेक लहानशी खोबण असते. अठराव्या शतकातल्या मॉर्गान्यी नावाच्या इटालियन वैद्याच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तिला म्हणतात व्हेंट्रिकल. लॅटिनमध्ये याचा अर्थ चिमुकलं पोट. म्हणजे आवाज निघतो तो थेट या दोन चिमुकल्या पोटांच्या उंबरठ्यावर. पोटातून बोलणारा खरोखरच पोटातून बोलतो. पोट कुठलं एवढाच काय तो प्रश्न. शिवाय हृदयात दोन व्हेंट्रिकल आणि मेंदूत चार. गळ्यातली दोन धरली तर झाली आठ चिमुकली पोटं, आणि ज्याला आपण ढेरी म्हणतो ती वेगळी. ‘एक पोट भरता भरता नाकी नऊ येतात’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा मनावर घेऊ नये.

हृदयातल्या या चिमुकल्या पोटाला मराठी पाठ्यपुस्तकात ‘निलय’ म्हणतात. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. अलिंद म्हणजे ओसरी आणि निलय म्हणजे घर. युरोपियनाला हृदयात पोट दिसलं आणि मराठी परिभाषाकाराला ओसरीसकट बंगला दिसला. जागेचे भाव पाहता हेही साहजिकच. पण परिभाषेची खरी कमाल प्राणिशास्त्रात आहे. प्राण्याच्या पाठीकडच्या बाजूला ‘पृष्ठ’ आणि पोटाकडच्या बाजूला ‘अधर’ बाजू म्हणतात. अधर म्हणजे मुळात ‘खालचा’, आणि त्याच न्यायाने खालचा ओठ. कवितेचा तास संपवून जीवशास्त्राच्या तासाला बसलेला मुलगा ‘बेडकाच्या अधर बाजूचे निरीक्षण करा’ हे वाचून लाजतो, तो उगीच नाही. पोटात एक आणि ओठात एक, ही आपली जुनी तक्रार परिभाषा समितीने एका शब्दात मिटवून टाकली.

हे सगळं चालू असताना माझी आई दारात येऊन टेकली. पोलादपूरकडच्या आमच्या गावात घराला चढण आहे, आणि या वयातही ती खालच्या वाडीत जाऊन आल्याशिवाय राहत नाही. पाय लांब करून, नऊवारीचा काठ जरा वर घेऊन ती पायाचा मागचा भाग दाबू लागली. “पोटऱ्या भरल्यात गो माज्या,” ती म्हणाली.

भाचीच्या डोळ्यांत परीक्षेची चमक आली. “आजी, त्या स्नायूचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीक लोक त्याला म्हणायचे पायाचं पोट.”

“मग मी काय येगळं बोल्ले?” आईने विचारलं आणि तेल आणायला सांगितलं.

मला यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. अथेन्सच्या माणसाला नडगीमागे पोट दिसलं आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या माणसालाही नडगीमागे पोटच दिसलं. दोघांनाही चढ चढावे लागत असणार, दुसरं काय.

पण एकदा पोट दिसायला लागलं की मराठी माणूस पायापाशी थांबत नाही. श्रावण सरता सरता आमच्याकडे भात ‘पोटरीला’ येतं. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, पानाच्या आवरणात दडून असतं, आणि ताटाचा तो भाग फुगलेला दिसतो. रोप पोटुशी असतं म्हणा ना. शेतात उभा राहून शेतकरी तो फुगवटा दोन बोटांत हळूच दाबून पाहतो, सुईणीने पाहावं तसा. अशा वेळी पाऊस दडी मारून बसला तर माणसाच्याही पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे भाताची पोटरी आणि लंबोदराचं आगमन यांची तिथी आगेमागेच पडते.

शेतातून तलाठ्याकडे जा, तिथेही पोटच. सातबाऱ्यावर ‘पोटखराब क्षेत्र’ असा रकाना असतो. जमिनीचा जो भाग लागवडीच्या कामाचा नाही, कातळ आहे, ओढा आहे, वाट आहे, तो पोटखराबा. पोलादपूर तालुक्यात काही सातबारे असे आहेत की जमिनीला पोटखराब्याशिवाय दुसरं काही दुखणंच नाही. मुंबईहून फार्महाऊससाठी जागा पाहायला आलेल्या एका बाईंनी तो रकाना वाचून एजंटला काळजीने विचारलं, “याच्यावर काही उपाय असतो का?” एजंट म्हणाला, “असतो ना मॅडम. सुरुंग.”

त्याच सातबाऱ्याच्या शेजारी पोटहिस्सा. एका पोटचे चार भाऊ, म्हणून एका सर्व्हे नंबरचे चार पोटहिस्से. त्यांच्या मोजणीवरून भांडण, भांडण कोर्टात, कोर्टात कलम, कलमाला पोटकलम. सहोदर म्हणजे एका उदरातून आलेले, हे चौघेही पूर्ण विसरलेले. वकिलांचं पोट मात्र यावर व्यवस्थित चालतं.

महाडच्या बाजारपेठेत पोटाचा वेगळा उपयोग आहे. जुन्या दुकानांना पोटमाळा असतो. बाकीच्या गावांत तिथे मोडकी शिडी आणि दिवाळीच्या पणत्या ठेवतात. सावित्रीच्या काठच्या गावात तो दुकानाचा जीव की प्राण. जुलैमध्ये पाणी चढू लागल्याची खबर आली की गल्ल्यावरचा मालक, नोकर, शेजारी सगळे एका रांगेत उभे राहून साखरेची पोती, तेलाचे डबे, वहीखाती हातोहात वर चढवतात. २२ जुलै २०२१ ला मात्र पाणी इतकं आलं की पोटमाळ्यांनीही हात टेकले. त्यानंतर पेठेत कुणी नवं दुकान पाहायला आलं की भिंतीचा रंग न बघता आधी मान वर करून पोटमाळा किती उंचावर आहे ते पाहतो.

शाळकरी पोरांना विचाराल तर त्यांच्या दृष्टीने या मुलखातला पोटाचा एकच शब्द महत्त्वाचा: कोथळा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढलं की प्रतापगड. तिथे १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं, हे सांगताना दुसरीतला मुलगाही पोटावर हात नेऊन अभिनय करतो. त्या काळावर संस्कृतात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे. इतका थोर कवी गावात विसावलेला, पण पोरांच्या तोंडी बसलेला शब्द अस्सल मराठीच. याच पोरांना ‘ष’ शिकवतात तो ‘पोटफोड्या ष’ म्हणून. पोटातून तिरकी रेघ मारलेलं अक्षर. पोट फोडल्यावर बिचाऱ्याचा आवाजही गेला. आता आपण सगळे त्याचा उच्चार ‘श’सारखाच करतो.

भ्रमाकडे येतो, कारण ‘शब्दभ्रम’ या शब्दात खरं वजन तिथे आहे. कानाला आवाज ऐकू येतो, पण तो नेमका कुठून आला हे कान ठामपणे सांगू शकत नाही. मग मेंदू डोळ्यांना विचारतो. डोळ्यांना बाहुलीचा जबडा हलताना दिसतो, चेहरा कोरा ठेवलेला माणूस दिसतो, आणि निकाल बाहुलीच्या बाजूने लागतो. सिनेमागृहात आवाज भोंग्यातून येतो, आपल्याला मात्र तो नायिकेच्या तोंडातून आलासा वाटतो, तेही याच न्यायाने. मी या शास्त्राचा प्रयोग एका शोकसभेत केला आहे. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे. दुपारचा एक वाजलेला. पहिल्या मिनिटाच्या शेवटी माझ्या पोटातल्या कावळ्यांनी एक दीर्घ, चढउतारांचा, जवळजवळ आलापासारखा सूर लावला. मी चेहरा कोरा ठेवला आणि अतिशय सौम्य नाराजीने शेजारच्या गृहस्थांच्या पोटाकडे पाहिलं. त्यांचं पोट पाहण्यासारखं होतं. सभागृहातल्या साऱ्या नजरा माझ्या नजरेमागोमाग तिथे जाऊन थांबल्या, आणि ते गृहस्थ, आपला काही संबंध नसताना, लाजून पोट आत ओढू लागले.

याच विद्येचं दगडी रूप महाड तालुक्यातच आहे, रायगडावर. नगारखान्याच्या दाराशी कुणी कागद टरकावला किंवा पुटपुटलं, तरी सिंहासनाच्या जागी ते ऐकू येतं. मधे दोनशे फुटांच्या वर अंतर. सहलीला आलेली मुलं एका टोकाला उभी राहून गुरुजींना नावं ठेवतात, आणि दुसऱ्या टोकाला उभे असलेले गुरुजी ती ऐकतात. दरवर्षी ठेवतात, दरवर्षी ऐकतात. राजाच्या दरबारात कुजबुजायची सोय नव्हती, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या मुलांच्या पाठीला जास्त चांगलं समजतं.

आणि महाडात उभं राहून, दुसऱ्याच्या तोंडून बोलण्यावर फार वेळ थट्टा करता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘मूकनायक’ होतं. ज्यांच्याविषयी बोलायचा मक्ता पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनीच घेऊन ठेवला होता, ते १९ आणि २० मार्च १९२७ ला या गावात स्वतःच्या तोंडाने बोलले, ठराव केले, आणि चालत जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यांच्या वतीने बोलायला त्या दिवशी कुणी मधे नव्हतं.

तरी मांडीवर घेऊन बोलवण्याची हौस काही संपलेली नाही. पंचायतींत बायकांना ५० टक्के आरक्षण आलं, तसं एक नवं पद जन्माला आलं: सरपंचपती. हे कुठल्या कायद्यात नाही, पोटकलमातही नाही. पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात, गाव कुठलं ते राहू द्या, १ मेच्या ग्रामसभेला मी बसलो होतो. विषय पाण्याचा. जुलैत डोंगर खचेल असा पाऊस पडतो त्याच तालुक्यात मे महिन्यात टँकर लागतो. शाळेच्या पडवीत टेबल, मधल्या खुर्चीवर सरपंचबाई, उजवीकडे ग्रामसेवक, डावीकडे सरपंचपती. कुणी काही विचारलं की पती घसा खाकरत आणि म्हणत, “मॅडमचं म्हणणं असं आहे…” मॅडमनी तोंड उघडलेलं नव्हतं. चेहरा अगदी कोरा. कला म्हणून पाहिलं तर प्रयोग पहिल्या दर्जाचा होता.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई उठली. डोक्यावर हंडा वाहून मान जशी ताठ राहते, तशी ताठ मान. “टँकर खालच्याच वाडीला का रिकामा होतो?”

“मॅडमचं म्हणणं असं आहे…”

“तुमचं झालं सांगून. त्यांना बोलू द्या की.”

पडवी शांत झाली. सरपंचबाईंनी समोरची वही जवळ ओढली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “सोमवारपासून टँकर पहिल्यांदा वरच्या वाडीत जाईल. मग मधल्या. मग आपल्या. फेऱ्यांची वही माझ्यापाशी राहील, आणि पाणी मिळाल्याबद्दल वाडीतल्या बाईचीच सही लागेल.” प, फ, ब, म, सगळी अक्षरं ठणठणीत, ओठ मिटून आणि उघडून.

शेजारी पती समोर बघत बसले होते. बायकोच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचंही तोंड उघडत मिटत होतं. आवाज मात्र येत नव्हता. पुढे सतरंजीवर बसलेलं एक पोरगं मान तिरकी करून बराच वेळ ते पाहत राहिलं.

“काका,” ते म्हणालं, “तुमचे ओठ हलतायत.”